स्वस्त ग्रासकटर किती रुपयांना पडतो?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)



आज आपल्यापुढे तीन गटांचे ग्रासकटरसाठी कर्जाचे अर्ज आहेत. तिन्ही कोटेशनं सर्वांत स्वस्त मशीनची आहेत. त्यावर सह्या होण्याआधी मला एक हिशोब सांगायचाय. सांगताना लाज वाटतेय, कारण त्यात माझीही चूक आहे.

मागच्या वर्षी आपल्याच एका गटानं आंबा-काजूच्या बागांतलं गवत काढायला मशीन घेतलं, भाड्यानं द्यायचं म्हणून. दुकानात 11,500 चं होतं, ऑनलाइन 6,800 ला मिळत होतं. मीच म्हटलं, "स्वस्तातलं घ्या, कर्ज लवकर फिटेल."

तीन आठवड्यांत स्टार्टरची स्प्रिंग तुटली. तालुक्याच्या मेकॅनिकनं मशीन उलटंपालटं करून पाहिलं, "याचा पार्ट माझ्याकडे नाही" म्हणाला. मागवला, 450 रुपये. मग पात्याजवळचा गिअर बॉक्स गेला, 1,400. यंदा मशीन चालूच होईना. कार्बोरेटर बदलला, 850. मजुरी आणि एसटीच्या फेऱ्या धरून 1,150. झाले 3,850. म्हणजे 6,800 चं मशीन 10,650 ला पडलं. शिवाय ऐन हंगामात 14 दिवस बंद होतं. रोजचं भाडं 500 धरलं तर 7,000 बुडाले. गटाच्या कर्जाचं महिना 2 टक्के व्याज काही थांबलं नाही.

पैशाचं एक वेळ जाऊ द्या. पण मशीन चालवणाऱ्या ताईंवर सगळ्या घसरल्या, "तुम्हीच नीट वापरलं नाही." त्या दोन सभांना आल्याच नाहीत.

खरं काय होतं? गिअर बॉक्समध्ये ग्रीस भरावं लागतं, ते संपलं होतं. पावसाळ्यानंतर टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, ते चिकट होऊन कार्बोरेटर तुंबला. त्यांना हे सांगितलं कुणी? माहितीपुस्तक सगळं इंग्रजीत, आणि ते मीसुद्धा उघडलं नव्हतं. दुकानातून घेतलं असतं तर दुकानदारानं निदान चालवून तरी दाखवलं असतं.

म्हणून कोटेशन घेताना विचारा: स्टार्टर, कार्बोरेटर, क्लच आत्ता दुकानात आहे का? असेल तर काढून दाखवा म्हणा. दुरुस्ती तालुक्यात होईल का? भाड्यानं दिलं तर वॉरंटी राहते का? हे लिहून घ्या, कारण घरगुती वापरापुरतीच वॉरंटी असं बारीक अक्षरात असू शकतं. पातं, प्लग, नायलॉनची दोरी झिजतेच, तो खर्च आपलाच. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं तेही विचारा. 25 ला 1 म्हणजे लिटरला 40 मिली, 50 ला 1 म्हणजे 20 मिली. नुसतं पेट्रोल घातलं तर इंजिनच जाम होतं. फोर-स्ट्रोकला ऑइल वेगळं घालतात, पेट्रोलमध्ये मिसळायचं नाही.

अर्ज नामंजूर करा असं मी म्हणत नाही. पुढच्या सभेपर्यंत थांबा, दुकानात जाऊन दुसरं कोटेशन आणा. आणि भाड्याच्या प्रत्येक 500 मधले 50 दुरुस्तीसाठी बाजूला टाकायचं, हे ठरावात आत्ताच लिहू या.

त्या ताई आज आल्यात. मी त्यांची घरी जाऊन माफी मागितली, गटातल्या बाकीच्यांचं त्यांनी पाहावं. चहा झाला की त्या अंगणात मशीन लावून दाखवतील, ग्रीसचा स्क्रू कुठं असतो आणि हंगाम संपल्यावर टाकी कशी रिकामी करायची ते.