शेजारी बसणारं माणूस



नोकरीच्या निमित्ताने बंगळुरूत आलेली आणि इथलीच होऊन गेलेली मराठी माणसं पुष्कळ आहेत. मुलं मोठी होतात, कुणी निवृत्त होतं, सकाळची गडबड उरकली की हातात वेळ राहतो. त्यातले आठवड्याचे दोन तास घराजवळच्या सरकारी प्राथमिक शाळेला द्यावेत, अशी विनंती करायला मी आज बोलते आहे. वर्ग बाईंनीच घ्यायचा. आपण त्यांच्या मदतीला जायचं आणि मागे राहिलेल्या तीन-चार मुलांच्या शेजारी बसायचं.

कर्नाटकातल्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरीची मुलं 'नलि-कलि' पद्धतीने शिकतात. १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ती सुरू झाली. ऋषी व्हॅली शाळेचं काम पाहून आलेल्या शिक्षकांनीच ती उभी केली. तिन्ही इयत्तांची मुलं एकत्र बसतात. भिंतीवरच्या शिडीवर आपली पायरी कोणती ते पाहून प्रत्येकजण आपलं कार्ड उचलतो. मला ही पद्धत फार आवडते, कारण हळू शिकणाऱ्या मुलाला तिथे नापास व्हावं लागत नाही. पण ती पाच गटांवर चालते, आणि बाई एकच असतात. एका गटाला त्यांनी पूर्ण वेळ दिला की बाकीची मुलं एकमेकांच्या आधाराने बसतात. शिवाय सकाळचं दूध, दुपारचं जेवण, त्यांच्या नोंदी, ऑनलाइन भरायची माहिती हे सगळं त्यांच्याच माथी. शिक्षण हक्क कायदा तीस मुलांमागे एक शिक्षक सांगतो. तो मिळाला तरीही प्रत्येक मुलाच्या वाट्याला बाईंची किती मिनिटं येतात, याचा हिशेब करून पाहा.

आता शेजारी बसल्यावर काय होतं ते सांगते. तिसरीतल्या मुलाला आपण म्हणतो, वाच. तो धडा घडाघडा म्हणतो. बोट मात्र भलत्याच ओळीवर असतं, कारण धडा त्याला पाठ आहे, वाचता येत नाही. वर्गाच्या गलक्यात हे कुणाला कळणार? शेजारी बसणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मग त्याला न रागावता खाली उतरायचं. गोष्ट जमत नसेल तर छोटा परिच्छेद, तो नाही तर सुटे शब्द, तेही नाहीत तर अक्षरं. 'असर'च्या पाहणीत २००५पासून खेडोपाडी मुलांचं वाचन याच पायऱ्यांनी तपासलं जातं. मूल जिथे थांबतं तिथून सुरुवात करायची, मग इयत्ता कुठलीही असो.

'पण मला कन्नड कुठे येतं?' हा प्रश्न मराठी माणूस हमखास विचारतो. ते थोडंफार शिकावं लागेल, यात शंका नाही. पण वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, आणि आपली बाराखडी तिथे कागुणित म्हणून भेटते. फक्त तिच्यात ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ए आणि दोन ओ असतात. तिथे आपण चुकतो आणि मुलं दुरुस्त करतात. जोडाक्षरात दुसरं व्यंजन खाली लिहितात, त्याला ओत्तक्षर म्हणतात. त, न, म अशा काहींचं ते खालचं रूप मूळ अक्षराशी जुळतच नाही, आणि मुलं नेमकी तिथे अडतात. हे शिकून मोठं झालेल्या माणसाला ती अडचण जाणवत नाही. आपण नुकतेच तिथे अडखळलेलो असतो म्हणून आपल्याला ती दिसते. वर्गातल्या सगळ्यांची घरची भाषा कन्नडच असते असंही नाही. बांधकामावर आलेल्या कुटुंबांतली मुलं घरी तेलुगू, तमिळ, उर्दू, हिंदी बोलतात. यादगीर-रायचूरकडच्या मुलाचं कन्नडही पुस्तकातल्यापेक्षा निराळं असतं. परक्या भाषेत बसण्याचा त्रास काय असतो, तो आपल्यालाही ठाऊक आहे.

गोष्टींची पुस्तकं हवीत तर ती सोय याच शहरात झाली आहे. २००० साली इथे अक्षरा फाउंडेशन सुरू झालं. रोहिणी निलेकणी त्याच्या संस्थापक-अध्यक्ष होत्या. त्यांच्याच पुढाकारातून २००४ साली 'प्रथम बुक्स' उभं राहिलं, आणि २०१५पासून त्यांच्या 'स्टोरीवीव्हर'वर अनेक भाषांतल्या गोष्टी फुकट मिळतात. एकच गोष्ट घरी मराठीत वाचून जावी आणि शाळेत मुलाकडून कन्नडमध्ये ऐकावी.

अशा मदतीने खरंच फरक पडतो का, याचं उत्तर मुंबईने दिलेलं आहे. 'प्रथम' संस्थेने महापालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच, माध्यमिक शिक्षण झालेल्या तरुण मुली. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन त्या तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वेगळी बसवत. २००१ ते २००३ या काळात मुंबईत आणि बडोद्यात याची काटेकोर तपासणी झाली. ती करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ साली नोबेल मिळालं. सर्वांत मागे असलेल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झालेला दिसला. पण बालसखी थांबल्यावर वर्षभराने पाहिलं, तर त्यातला बराचसा ओसरलेला होता.

उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यातला अनुभवही लक्षात ठेवण्यासारखा आहे. तिथे गावातल्या तरुणांनी विनामोबदला, शाळेबाहेर वाचनवर्ग घेतले. जी मुलं आली ती शिकली, पण आली शंभरातली आठ. म्हणून मी म्हणते, मदत शाळेच्या वेळात, शाळेच्या आवारात, बाईंच्या नजरेखाली करावी. आणि वर्षभर नेमाने करावी. एखाद्या शनिवारी मोठा जथा येतो, भिंती रंगवतो, मुलांबरोबर फोटो काढतो. त्या माणसांच्या मनात चांगलंच असतं, पण अक्षरावर अडलेलं मूल सोमवारी तिथेच अडलेलं असतं. मंगळवारी येते म्हटलं तर मंगळवारी जावं. मूल वाट पाहतं.

काही नियम सांगायला हवेत. बंद खोलीत एकट्या मुलाबरोबर बसू नये. व्हरांडा बरा, जिथे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं. फोटो काढू नयेत, चॉकलेटं वाटू नयेत. मूल घरचं काही सांगू लागलं तर ऐकून घ्यावं, आणि काळजी करण्यासारखं असेल तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या कानावर घालावं.

आणखी एक गोष्ट मी ठामपणे सांगते. आपण बाईंची जागा भरून काढायला जात नाही. शिक्षकाचं पद रिकामं असेल, तर स्वयंसेवक आहेत की, असं म्हणून ते रिकामंच ठेवायला आपलं निमित्त होता कामा नये. शाळा विकास आणि देखरेख समितीत पालक असतात. नव्या शिक्षकाची मागणी त्यांनी केली तर आपण त्यांच्या पाठीशी उभं राहावं, अर्ज लिहून द्यावा.

सुरुवात सोपी आहे. केंद्र सरकारच्या 'विद्यांजली' योजनेत नाव नोंदवता येतं. तरीही आधी स्वतः जाऊन मुख्याध्यापकांना भेटावं, ओळखपत्र दाखवावं आणि लेखी परवानगी घ्यावी. इथल्या शाळा मे संपता संपता उघडतात. पहिले पंधरा दिवस प्रवेशांच्या धावपळीचे, ते जाऊ द्यावेत. मग बाईंना त्यांच्या सोयीचा वार विचारावा, आणि अक्षरांवर अडलेल्या मुलांची नावं विचारावीत.