श्रद्धा आणि साहस
(जुबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



जुबिलीच्या सभेंत पूर्वजांची स्तुति करण्याची रीत आहे, आणि ती रीत मला मोडावयाची नाहीं. परंतु अशा प्रसंगीं आपण बहुधा त्यांच्या सहनशीलतेचेच गोडवे गातों. त्यांनीं काय सोसलें तें सांगतों; त्यांनीं काय पणाला लावलें तें सांगावयाचें राहून जातें. आज या दुसऱ्या गोष्टीविषयीं चार शब्द बोलावे असें माझ्या मनांत आहे. ख्रिस्ती मनुष्यानें आपलें सुख, आपला पैसा, आपली अब्रू, प्रसंगीं आपला जीव धोक्यांत घालावा काय? घालावा तर केव्हां, आणि कोणत्या हिशेबानें?

हिशेब हा शब्द ऐकून कोणी दचकेल. श्रद्धेच्या गोष्टींत हिशेब कसला, असें म्हणणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. परंतु बुरूज बांधणाऱ्या मनुष्याचा दाखला कोणी दिला? प्रभु येशू ख्रिस्तानेंच. तो मनुष्य पाया खणण्यापूर्वीं स्वस्थ बसून खर्चाचा अंदाज घेतो. दहा हजार शिपाई जवळ असलेला राजा वीस हजारांशीं सामना देण्यापूर्वीं तसाच विचार करतो. उलट पक्षीं, धन्याचें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्टहि प्रभूनेंच सांगितली. त्या चाकरानें चोरी केली नव्हती, जुगारांत पैसा उडविला नव्हता. धन्याची ठेव त्यानें पै न पै परत आणून दिली. त्याचा अपराध एवढाच कीं तो भ्याला. एवढ्यासाठीं त्याला बाहेरच्या अंधारांत टाकण्यांत आलें. आपण सज्जन म्हणविणारे लोक या दाखल्यानें जितके अस्वस्थ व्हावे तितके होत नाहीं, असें मला नेहमीं वाटतें.

मग साहस तें सारेंच चांगलें काय? तसेंहि नाहीं. सैतानानें प्रभूला मंदिराच्या शिखरावरून खालीं उडी टाकण्यास सांगितलें, आणि त्याला शास्त्रवचनाचा आधारहि दिला. ती उडी वरवर पाहतां केवढें श्रद्धेचें कृत्य दिसलें असतें! प्रभूनें ती टाकली नाहीं; देवाची परीक्षा पाहणें तें, असें म्हणून नाकारली. तोच प्रभु पुढें सर्व जाणून यरुशलेमची वाट चालला. पहिल्या प्रसंगीं कोणाचें कांहीं कल्याण व्हावयाचें नव्हतें. दुसऱ्या प्रसंगीं जगाचें तारण व्हावयाचें होतें.

दुसऱ्या शतकांत स्मर्ना शहरीं छळ सुरू झाला तेव्हां फ्रिगियाचा क्विंतुस नांवाचा एक गृहस्थ आपण होऊन न्यायासनापुढें गेला, आणि दुसऱ्यांनाहि त्यानें तसें करण्यास भरीस घातलें. हिंस्र पशु दृष्टीस पडतांच त्याचें अवसान गळालें, आणि त्यानें खोट्या देवांना यज्ञ केला. त्याच शहरचे वृद्ध महागुरुस्वामी पोलिकार्प मात्र लोकांच्या विनंतीवरून शहराबाहेरच्या एका शेतावर, तेथून दुसऱ्या शेतावर गेले. शिपायांनीं त्यांना अखेर गांठलें तेव्हां पळून जाण्यास वाव असूनहि ते हलले नाहींत. पकडावयास आलेल्यांना त्यांनीं जेवूं घातलें, प्रार्थनेसाठीं घटकाभर वेळ मागून घेतला, आणि मग शांतपणें अग्नीला सामोरे गेले. ही हकीकत लिहून ठेवणाऱ्या स्मर्नाच्या ख्रिस्तसभेनें स्पष्ट म्हटलें आहे, कीं आपण होऊन मरणाच्या स्वाधीन होणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करीत नाहीं. विवेक आणि धैर्य हे दोन्ही मूलभूत सद्गुण होत, आणि विवेकाचें नांव आधीं घेतात तें उगीच नव्हे.

आतां आपल्या भूमींतील एका पुरुषाकडे वळूं. वसईच्या संत गोन्सालो गार्सियाची कथा तुम्हांला तोंडपाठ आहे, म्हणून ती मी सांगत नाहीं. मी सांगणार आहें ती गोव्याच्या संत जोसेफ वाझ यांची.

जोसेफ वाझ यांचा जन्म १६५१ सालीं बाणावली येथें झाला. त्यांचें घराणें सांकवाळचें. त्यांच्या बालपणींच डचांनीं सिंहलद्वीपाची किनारपट्टी पोर्तुगीजांकडून हिसकावून घेतली: १६५६ त कोलंबो, १६५८ त जाफ्ना. डच हे कॅल्व्हिनपंथी. त्यांनीं कॅथोलिक धर्मगुरूंना घालवून दिलें आणि त्यांना थारा देणाऱ्यांना कठोर शिक्षेचा धाक घातला. जवळजवळ तीस वर्षें तेथील कुटुंबांना मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, मरणाऱ्याच्या उशाशीं धर्मगुरु नाहीं. ही वार्ता गोव्यास सर्वांनाच ठाऊक होती. हळहळणारे पुष्कळ होते.

वाझ यांनीं तेथें जाण्याची इच्छा वरिष्ठांना कळविली. वरिष्ठांनीं त्यांना १६८१ त कानडा प्रांतांत पाठविलें. ते निमूटपणें गेले, तेथें तीन वर्षें राबले. परत आल्यावर १६८५ त गोव्यांतील देशी धर्मगुरूंच्या एका मंडळींत, म्हणजे ओरॅटरींत, सामील झाले. इच्छा मात्र सोडली नाहीं. १६८६ सालीं ते निघाले, आणि निघाले ते कसे हें पाहण्यासारखें आहे. गोऱ्या पाद्रीला त्या किनाऱ्यावर पाऊल टाकतांच कोणीहि ओळखलें असतें. गोव्याचा सावळा मनुष्य मजुरांच्या घोळक्यांत सहज लपून जाईल, हें त्यांनीं ताडलें होतें. धर्मगुरूचा झगा त्यांनीं उतरविला, फाटकीं वस्त्रें नेसलीं, तमिळ भाषा शिकून घेतली, आणि तुतिकोरीनहून एका विश्वासू सेवकासह गलबतांत बसले. १६८७ त जाफ्न्याला पोहोंचले तेव्हां अतिसारानें त्यांच्या अंगांत उभें राहण्याचें त्राण नव्हतें. बरें वाटतांच ते दारोदार भीक मागत हिंडूं लागले. गळ्यांत रोझरी, ती पाहून कोणाचा चेहरा पालटतो एवढेंच ते बघत. अशा रीतीनें कॅथोलिक घरें सांपडलीं. मग रात्रीं मिस्सा, रात्रीं बाप्तिस्मा, आणि उजाडण्यापूर्वीं दुसऱ्या गांवाची वाट.

येथें एक अवघड गोष्ट आहे. ती मी झांकून ठेवीत नाहीं. १६८९ च्या नाताळांत डच शिपायांनीं सिल्लालै गांवावर छापा घातला. वाझ निसटले, गांवकरी पकडले गेले, आणि त्यांतील कित्येकांना फटके व बेड्या सोसाव्या लागल्या. कळप बेड्यांत आणि मेंढपाळ मोकळा! हें योग्य झालें काय? स्वतःला डचांच्या स्वाधीन करून वाझ यांना एका दिवसांत कीर्ति मिळवितां आली असती. परंतु त्या सबंध बेटावर जो एक धर्मगुरु होता तोहि मग राहिला नसता, आणि ज्या गोष्टीसाठीं गांवकऱ्यांनीं फटके खाल्ले तीच नाहींशी झाली असती. असें मी म्हणतों खरा. तथापि त्या रात्रीनंतर त्यांना झोंप कशी लागली असेल हें देव जाणे. आपण जो धोका पत्करतों त्याचा वांटा आपल्या माणसांवरहि पडतो, आणि त्यांची संमति नसेल तर तो धोका पत्करण्याचा आपल्याला अधिकार काय, हा प्रश्न प्रत्येक घरकर्त्यानें स्वतःला विचारण्यासारखा आहे.

पुढें ते कॅन्डीच्या राज्यांत गेले. १६९२ त राजधानीला पोहोंचतांच पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्यांना कैद झाली. कैदेंत त्यांनीं काय करावें? सिंहली भाषेचा अभ्यास! १६९७ सालीं शहरांत देवीची सांथ आली. राजा आणि दरबारी निघून गेले, नातलगांनीं रोग्यांना रानांत टाकून दिलें. वाझ आणि त्यांचे सोबती फादर जोसेफ कार्व्हाल्यो मागें राहिले. रोग्यांना धुणें, भरवणें, मेलेल्यांना मूठमाती देणें, सारें त्यांनीं स्वतःच्या हातांनीं केलें. आणि रोगी कोणत्या धर्माचा हें विचारलें नाहीं. ज्या राजानें पूर्वीं कैदेंत टाकलें त्याच्याच राज्यांत ते पुढें मोकळेपणानें हिंडले. १६ जानेवारी १७११ रोजीं कॅन्डी येथें त्यांनीं देह ठेवला. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांना संत म्हणून जाहीर केलें.

आपणांपैकीं कोणाला गलबतांत बसून परमुलखीं जावयाचें नाहीं. परंतु सांथ आपल्याहि दारीं येते. २०२० सालीं ती आली तेव्हां बंद दाराच्या घरीं डबा कोणीं पोहोंचविला आणि कोणीं पडद्याआडून पाहिलें, हें ज्याचें त्याला ठाऊक आहे. पुन्हां, कचेरींत लांच दिल्याशिवाय काम होत नाहीं तेव्हां काम अडूं देणें, गांवच्या तंट्यांत बलवान पक्षाविरुद्ध खरी साक्ष देणें, हुंडा न घेतां मुलाचें लग्न लावून भावकीचीं बोलणीं ऐकून घेणें, यांतहि नुकसान आहे, आणि तें आधीं मोजून पाहतां येतें. मोजावें, मोजून मग पत्करावें किंवा सोडावें. न मोजतांच "देवाची इच्छा" म्हणून उडी टाकणारा आणि न मोजतांच "आपल्याला काय करावयाचें" म्हणून घरीं बसणारा, या दोघांत मला फारसा भेद दिसत नाहीं.

जातां जातां त्या जाफ्न्याच्या घरांविषयीं एक गोष्ट सांगतों. वाझ यांचें चरित्र लिहिलें गेलें. ज्यांनीं दार उघडलें त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोठें आढळत नाहींत. दाराशीं एक फाटका भिकारी, त्याच्या गळ्यांत रोझरी. तो धर्मगुरु असेल किंवा डचांचा हेरहि असेल. घरांत लेंकरें निजलेलीं. आंत घ्यावें कीं भाकर देऊन वाटेला लावावें, हें त्या गृहिणीला तेथल्या तेथें, कोणाचा सल्ला न घेतां ठरवावयाचें होतें. पुष्कळजणींनीं आंत घेतलें.