डोंगर, डोह आणि पाऊलवाट

चेन्नई हे सपाटीवरचे नगर आहे. पूर्वेस समुद्र, भोवती तळी, भातखाचरे आणि आता त्यांवर पसरलेली वस्ती. डोंगर म्हणून बोट दाखवावे अशी एकच प्रसिद्ध जागा म्हणजे सेंट थॉमस माउंटची टेकडी. तिच्याजवळच्या मैदानात विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये आपली आधाररेषा मोजली आणि तेथून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायाभरणी झाली. परंतु नगराच्या वायव्येस, १०० किलोमीटरांच्या आत, पूर्व घाटाच्या शेवटच्या रांगा सुरू होतात. नागलापुरम्, कंबाकम्, नगरी ही त्यांची नावे. आजच्या व्याख्यानाचा विषय या रांगांच्या पायथ्यातील वाटा हा आहे.

सह्याद्रीत हिंडलेल्या मनुष्यास या वाटा प्रथम चमत्कारिक वाटतात. सह्याद्रीतील वाट बहुधा एखाद्या किल्ल्याकडे, नाही तर घाटमाथ्याकडे चढत जाते. तिचे गंतव्य उंचावर असते. येथे वाट ओढ्याचे पात्र धरून आत शिरते आणि एखाद्या डोहापाशी संपते. भाषेतही याची खूण आहे. तेलुगूत ‘कोना’ म्हणजे डोंगराच्या कुशीतील दरी आणि ‘मडुगु’ म्हणजे डोह. कैलासकोना, तलकोना, उब्बलमडुगु ही धबधब्यांची नावे अशी दरीवरून वा डोहावरून पडली आहेत. यांपैकी उब्बलमडुगु चेन्नईकरांना ‘तडा धबधबा’ म्हणून परिचित आहे; महामार्गावरच्या तडा या गावाचे नाव त्यास चिकटले. तलकोना मात्र बराच दूर, शेषाचलम्‌च्या अरण्यात आहे. तेथील पाणी सुमारे २७० फुटांवरून कोसळते.

या डोहांचे रहस्य खडकात आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. येथील माथ्यांवरचा क्वार्ट्झाइट १०० कोटी वर्षांहूनही जुना. मुळात ती वाळू. दाबाने व काळाने ती एवढी घट्ट झाली की, पोलादही तिच्यावर सहजी ओरखडा उमटवू शकत नाही. असा खडक झिजत नाही, तो भेगांवर तुटतो. म्हणून कडे सरळ उभे राहतात, त्यांवरून पाणी एकदम खाली पडते आणि तळाशी गोटे गरगरा फिरवून कुंड कोरते. कुकडी नदीतील निघोजचे रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही क्रिया वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

हेच गोटे पुराच्या लोंढ्याबरोबर मैदानात उतरले आणि मानवाच्या इतिहासात शिरले. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञास ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळच्या पल्लावरम् येथे दगडाचे एक घडीव हत्यार सापडले. भारतातील पुराश्मयुगाच्या अभ्यासाचा आरंभ येथून मानला जातो. त्याच वर्षी फूट व त्याचा सहकारी विल्यम किंग यांना कोसस्थलैयार नदीच्या खोऱ्यात अत्तिरम्पाक्कम् हे स्थळ आढळले. शांती पप्पू व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे केलेल्या उत्खननावरून तेथील सर्वांत जुन्या हातकुऱ्हाडींचे वय सुमारे १५ लाख वर्षे ठरले. हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या हातकुऱ्हाडी क्वार्ट्झाइटच्या आहेत. जवळच्याच गुडियम्‌च्या गुहांकडे जाणारी वाट काटेरी झुडपांमधून जाते, आणि तिच्यावर पसरलेले गोटे तुडवीत चालणारा मनुष्य, त्याला ठाऊक असो वा नसो, आद्य कारागिरांच्या कच्च्या मालावरून चालत असतो.

डोंगराचे दुसरे देणे म्हणजे पाणी. आरणियार या रांगांच्या परिसरात उगम पावते आणि पुलिकतच्या बाजूस समुद्रास मिळते. नगरी नदी कोसस्थलैयारला मिळते, आणि कोसस्थलैयारचे पाणी १९४४ मध्ये पुरे झालेल्या पूंडीच्या जलाशयात अडते. मद्रासचे महापौर राहिलेले एस. सत्यमूर्ती यांचे नाव या जलाशयास दिलेले आहे. १९९६ पासून तेलुगू गंगा योजनेच्या कालव्याने कृष्णेचे पाणीही येथेच येऊ लागले. महाबळेश्वरी उगम पावलेल्या नदीचा अंश अशा रीतीने चेन्नईच्या घरांत पोहोचतो. २०१९ च्या उन्हाळ्यात नगराचे मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले, तेव्हा पाणी कोठून येते हा प्रश्न घरोघर विचारला गेला. त्याच्या उत्तराचा एक भाग या झाडीने झाकलेल्या उतारांवर आहे. ओढ्याकाठी टाकलेली बाटली आणि घरातील पिण्याचे पाणी यांचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही.

या रांगांच्या पायथ्यातून राज्यांची सीमा जाते. मद्रास आणि आंध्र यांच्यातील सीमावादात लवाद म्हणून ह. वि. पाटसकर यांची नेमणूक झाली होती. खेडे हा घटक, भाषा आणि भौगोलिक सलगता ही त्यांची सूत्रे महाराष्ट्रातील वाचकांना बेळगावच्या प्रश्नामुळे चांगलीच माहीत आहेत. त्या निवाड्यास अनुसरून १ एप्रिल १९६० रोजी तिरुत्तणी मद्रासकडे आले आणि सत्यवेडुचा भाग आंध्रकडे गेला. परिणाम असा की, चेन्नईचा पदभ्रमण करणारा मनुष्य सकाळी एका राज्यातून निघतो आणि दुसऱ्या राज्याच्या वनखात्याच्या हद्दीत चालतो. परवानगी तेथील, नियम तेथील. शेषाचलम् व शेजारच्या डोंगरांत रक्तचंदन वाढते. त्याच्या चोरट्या तोडीमुळे वनरक्षक अनोळखी माणसाकडे संशयाने पाहतात. ७ एप्रिल २०१५ रोजी शेषाचलम्‌च्या अरण्यात पोलिसांच्या गोळीबारात तमिळनाडूतून आलेले २० लाकूडतोडे मृत्युमुखी पडले. ज्या अरण्यात काही जण विरंगुळ्यासाठी जातात, त्याच अरण्यात काही जण पोटासाठी जिवावर उदार होऊन शिरतात, याचे भान सुटता कामा नये.

आता धोक्यांविषयी. येथील मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील. त्या दिवसांत पायथ्याशी ऊन असतानाही माथ्यावर सर कोसळू शकते. खडकावर माती थोडी. पाणी मुरत नाही, ते धावते. घोट्याएवढा ओढा पाहता पाहता छातीएवढा होतो. पाणी गढूळ झाले, पाचोळा वाहून येऊ लागला, की पात्र सोडून उंचावर जावे आणि ओसरेपर्यंत थांबावे. डोहाचे भय निराळे. वरून स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याचा तळ उथळ भासतो. काठ शेवाळलेला असतो. बुडालेल्या कपारी दिसत नाहीत. या डोहांनी अनेक तरुणांचे बळी घेतले आहेत. पोहता न येणाऱ्याने उतरू नये, येणाऱ्याने उडी घेऊ नये आणि मद्यपान केलेल्याने काठाशीही जाऊ नये, हे तीन नियम पाळले तर त्यांतील बहुतेक मृत्यू टळू शकतात.

उन्हाळ्यातील भय अग्नीचे. ११ मार्च २०१८ रोजी थेनी जिल्ह्यात, चेन्नईपासून सुमारे ५०० किलोमीटरांवर, कोलुक्कुमलै ते कुरंगणी या उतारावर वणव्याने पदभ्रमण करणाऱ्यांना गाठले. वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत चेन्नईहून गेलेले पुष्कळ होते. वाळलेल्या गवतातील आग उतारावर वरच्या दिशेने फार वेगाने धावते, कारण ज्वाला पुढचे गवत आधीच तापवून ठेवतात. म्हणून अशा वेळी चढाकडे पळणे घातक ठरते. उघडा खडक किंवा आधीच जळून गेलेली जमीन हाच आसरा. ही गोष्ट डोंगरातील गुराख्यास ठाऊक असते. नगरवासीयास ती कोणी तरी सांगावी लागते.

या दुर्घटनेनंतर तमिळनाडू शासनाने त्याच वर्षी पदभ्रमणाच्या नियमनासाठी नियम केले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये ४० वाटा निश्चित करून त्यांवर स्थानिक, विशेषतः आदिवासी तरुणांना वाटाडे म्हणून प्रशिक्षण देण्याची योजना सुरू झाली; गुडियम्‌ची वाट त्या ४० वाटांपैकीच एक आहे. काहींना हे निर्बंध जाचक वाटतात. डोंगर कोणाच्या मालकीचा, असे ते विचारतात, आणि तो प्रश्न अगदीच निराधार नाही. वाटा सरसकट बंद केल्या तर नगरातील मनुष्य अरण्यास कायमचा परका होईल. आणि ज्याला अरण्य परके, तो ते राखण्यासाठी आवाज उठवणार नाही. परंतु मोकळीक म्हणजे अज्ञानाची मुभा नव्हे. वाटाड्यास दिलेले चार पैसे हे केवळ त्याच्या श्रमाचे मोल नसते. कोणता ओढा केव्हा फुगतो, कोणता डोह बळी घेतो, गवत केव्हा पेट घेते, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान त्यात मोलास लागते. ते ज्ञान जोवर त्या खेड्यांत टिकून आहे आणि त्यास मान आहे, तोवरच या वाटा चालण्याजोग्या राहतील.

डिसेंबर सरता सरता पाऊस मागे हटतो, ओढे निवळतात आणि दोन महिने या डोंगरांतील हवा सुखद असते. जाण्याचा काळ तोच. जाणाऱ्याने परवानगी घ्यावी, सोबत गावचा मनुष्य घ्यावा, उजेड असताना परत फिरावे. आणि नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी.