अनुभवाची अट कोणाला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



देशाचे नेतृत्व करणाऱ्याला राजकारणाचा पूर्वानुभव हवा की नको, हा प्रश्न निवडणूक जवळ आली की हटकून विचारला जातो. अनुभव हवा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र ही अट सर्वांना सारखी लावली जाते काय, हे तपासले पाहिजे.

जगजीवनराम १९४६ च्या हंगामी सरकारात मंत्री झाले. मजूर, रेल्वे, अन्न व शेती अशी खाती त्यांनी सांभाळली. १९७१ च्या युद्धात संरक्षणमंत्री तेच होते. जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाईंनी राजीनामा दिल्यावर चरणसिंगांना पाचारण झाले. ते लोकसभेला सामोरे न जाताच पायउतार झाले. त्या वेळी जनता संसदीय पक्षाचे नेते असलेल्या जगजीवनरामांना बहुमत आजमावण्याची संधी न देता लोकसभा बरखास्त करण्यात आली. एवढा अनुभव गाठीशी असूनही दलित नेत्याच्या वाट्याला हे आले. उलट राजीव गांधी १९८१ साली प्रथम खासदार झाले आणि एकदाही मंत्री न होता ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान झाले. घराण्याच्या वारसाला अट माफ असते!

शिवाय सत्तेचा अनुभव लोकशाहीची हमी देत नाही. १९७५ साली आणीबाणी लादली गेली तेव्हा इंदिरा गांधी नऊ वर्षे पंतप्रधान होत्या. अनुभवी जगजीवनरामही फेब्रुवारी १९७७ पर्यंत त्याच मंत्रिमंडळात राहिले. याउलट १९५६ च्या अरियलूर रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी जबाबदारी स्वीकारून मंत्रिपद सोडले. लोकांना जाब देण्याची ही सवय हाच खरा अनुभव होय.

तो मिळतो कोठे? ग्रामपंचायतीत, कामगार संघटनेत, सहकारी संस्थेत. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, तेव्हा “बायकांना यातले काय कळते?” असे हिणवले गेले. ज्यांना पिढ्यान्पिढ्या चावडीवर बसू दिले नाही, त्यांच्याकडेच अनुभवाचा दाखला मागणे हा ढोंगीपणा आहे. संधीवाचून अनुभव येत नाही.

म्हणून उमेदवार निवडताना कार्यकर्त्यांनी इच्छुकाला खुर्चीवरील वर्षे विचारू नयेत. आजवर त्याने कोणाला जाब दिला, हे विचारावे. आणि हा प्रश्न आधी आपल्याच पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना विचारावा.