घर कुठं घ्यायचं?

(तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. नोकरी लागलेली, लग्न ठरलेली ओळखीची मुलं मला नेहमी विचारतात, "भाई, घर कुठं बघू? मुंब्रा, मीरा रोड, तळोजा की पनवेल?" मुंबईत परवडत नाही, हे सगळ्यांचंच दुखणं आहे. आपल्यापुढं मात्र आणखी एक प्रश्न असतो. तिथं आपल्याला घर देतील का? आणि दिलं तर सुखानं राहू देतील का?

ही भीती मनाचे खेळ नाहीत. मी भाड्याचं घर शोधत असताना एका एजंटानं फोनवर माझं मराठी ऐकून सगळं पक्कं केलं होतं. नाव सांगितल्यावर म्हणाला, "सर, सोसायटीत चालत नाही." हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल.

१९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली असंख्य मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला आली. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालातही असुरक्षिततेमुळं मुसलमान एकाच वस्तीत गोळा होत असल्याची नोंद आहे. म्हणून मुंब्र्याचं नाव काढताच नाक मुरडणारे मला आवडत नाहीत. बाकीची दारं बंद होती तेव्हा या गावानं लोकांना छप्पर दिलं.

पण गिऱ्हाइकाला दुसरीकडं जायला जागा नाही, हे एकदा बिल्डरला कळलं की तो काहीही विकू शकतो. परवानगी नाही, नकाशा नाही, तरी सात मजले उभे राहतात. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ भागात, लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत इमारत कोसळली. ७४ माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. "आपल्या लोकांत आहोत" याचा मनाला आधार असतो, पण कच्चा पिलर कुणाचा धर्म बघत नाही. म्हणून भीती खरी असली तरी घराचा निर्णय एकट्या भीतीवर सोडू नका. चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न कागदाचा. इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मागा. "येतंय, प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर धरू नका. बांधकाम चालू असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्यालाच दुरुस्त करून द्यावा लागतो. बिल्डर मशिदीत शेजारी उभा राहतो म्हणून कागद मागायला संकोचू नका. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. नकाशावर मुंब्रा आणि ऐरोली शेजारी दिसतात, मध्ये फक्त पारसिकचा डोंगर. पण लोकलनं आयटी पार्कला जायचं तर आधी ठाण्याला जाऊन गाडी बदलावी लागते. जाऊन-येऊन रोज दोन तास जादा गेले, तर २५० कामाच्या दिवसांत ५०० तास होतात. म्हणजे वर्षातले जवळपास २१ अख्खे दिवस. आणि गर्दी जिवावरही उठते. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्र्यादरम्यान लोकलमधून पडून किमान चार प्रवासी दगावले. म्हणून घर रविवारी दुपारी बघू नका. सोमवारी सकाळी साडेआठला त्या स्टेशनवर उभे राहा आणि गाडीत शिरून दाखवा.

तिसरा प्रश्न घरातल्या बायकांचा, आणि तो त्यांनाच विचारा. रात्री दहाला स्टेशनवरून एकटीला चालत येता येईल का? पाणी नळाचं की टँकरचं? मुलीचं कॉलेज किती लांब? घर "आम्ही पुरुषांनी" ठरवायचं आणि पाणी तिनं भरायचं, हे आता बंद करा. शिवाय महाराष्ट्रात घर स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. घर तिचं होईल आणि पैसेही वाचतील.

चौथा प्रश्न शेजाराचा. परवडत असेल आणि कागद साफ असेल, तर मिश्र वस्ती आधी बघा, असं माझं मत आहे. आपली मुलं दहावीपर्यंत दुसऱ्या धर्माच्या एकाही घरात जेवली नाहीत, तर नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांना परक्या मुलखात आल्यासारखं वाटतं. आणि त्या घरांतल्या मुलांना आपण फक्त बातम्यांतूनच कळतो.

इथं कायदा माहीत हवा. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम २३ प्रमाणं पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तुम्ही सदस्य झालात असं मानलं जातं. नकार आला तर दोन महिन्यांत निबंधकाकडं अपील करता येतं. म्हणून अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मात्र २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा समाजापुरता सदस्यत्वाचा उपविधी वैध ठरवला. तेव्हा बयाणा देण्याआधी सोसायटीचे उपविधी वाचा. भाडेकरूच्या बाबतीत कायदा तोकडा पडतो. खासगी घरमालकानं धर्म बघून नकार दिला तर त्याला अडवणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडं नाही. तो व्हावा, ही मागणी आपण केली पाहिजे.

मिश्र वस्तीत राहणं हा कुणावर फर्ज नाही. म्हातारे आई-वडील असतील, मनाला स्वस्थता हवी असेल, तर खुशाल आपल्या लोकांत राहा. पण तिथंही गटार, शाळा, वाचनालय, फुटपाथ मागणारं कुणीतरी लागतं. शिकलेली पोरं पहिल्या पगारवाढीला वस्ती सोडून गेली आणि उरलेली गप्प बसली, तर वस्ती सुधारणार कोण?

घर घेतल्यावर सोसायटीच्या पहिल्या सर्वसाधारण सभेला जा. हिशेब वाचा, प्रश्न विचारा, कमिटीत माणूस कमी पडत असेल तर नाव द्या. पाण्याच्या टाकीचा आणि लिफ्टच्या दुरुस्तीचा प्रश्न सोडवणारा माणूस कोणत्या धर्माचा, हे शेजारी फार दिवस विचारत नाहीत.