पानात सापडलेले जीवनसत्त्व
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आहारावर बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. सर्व जीवनसत्त्वांची यादी वाचून जेवणापूर्वी आपणांस कंटाळा आणण्यापेक्षा मी एकाच जीवनसत्त्वाविषयी बोलतो. त्याच्या शोधाची सुरुवात मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांच्या आजारातून झाली. आणि आज आपण ज्या ब्रिटनमध्ये राहतो, तेथीलच एका स्त्री-डॉक्टरने ती केली.

1928 साली डॉ. ल्यूसी विल्स मुंबईस गेल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये एक तीव्र रक्तक्षय आढळत असे आणि तो कित्येकींच्या जिवावर बेतत असे. विल्स यांनी या स्त्रियांचा आहार तपासला. यीस्टचा अर्क, म्हणजे येथील दुकानांत मिळणारे मार्माइट, दिल्यावर रुग्णांचे रक्त भरून येते, हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. (मार्माइटची चव मला मात्र आजही सोसत नाही!) त्यातील गुणकारी घटक पुढे 1941 साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात; त्यावरून फोलिक ॲसिड हे नाव पडले.

आपल्या आया शेताच्या बांधावरून तांदुळजा, घोळ, चिवळ खुडून आणीत. ते गरिबाचे अन्न, अशी लाज आपण मनात बाळगली आणि परदेशात आल्यावर ताटात पांढरा भात वाढवला. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात सव्वाशे मायक्रोग्रॅमहून अधिक फोलेट असते, कोरड्या हरभऱ्यात दोनशेहून अधिक. पॉलिश केलेल्या तांदळात ते दहाच्या आसपास भरते. चवळी, राजमा, मूग हेही या बाबतीत श्रीमंतच. परंतु हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते. पालक भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले, तर जवळजवळ निम्मे फोलेट मोरीत जाते. झाकण ठेवून वाफेवर शिजवलेली भाजी उत्तम.

आता मुलींच्या व सुनांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून साधारण 28 दिवसांत मिटते. त्या वेळी आपण गरोदर आहोत, हेही पुष्कळ जणींना ठाऊक नसते. ती नीट मिटली नाही, तर मूल आयुष्यभराचे व्यंग घेऊन जन्मते. हा धोका फोलिक ॲसिडने पुष्कळ कमी होतो, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासाने 1991 साली सिद्ध केले. येथे एकट्या भाजीवर विसंबू नये. मूल हवे असे ठरल्यापासूनच रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी व बाराव्या आठवड्यापर्यंत घ्यावी. मधुमेह असलेल्या स्त्रीस 5 मिलिग्रॅमची मात्रा लागते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळते. मधुमेह आपल्या कितीतरी घरांत आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले. सासूबाईंनी हा विषय काढण्यास संकोचू नये.

ज्या घरांनी मांसाहार सोडला आहे, त्यांच्यासाठी आणखी एक. बी-12 हे जीवनसत्त्व पालेभाजीत नाही, डाळीतही नाही. ते दूध, दही, अंडी यांत मिळते. बी-12 कमी असता नुसते फोलिक ॲसिड घेत राहिल्यास रक्त सुधारलेले दिसते, पण आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. पायाला मुंग्या येत असतील, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका; रक्त तपासून घ्या.