माइकची वायर आणि आजींच्या ओव्या



आज बचत गटाचे हप्ते नाहीत की कर्जाचे अर्ज नाहीत. आज आम्ही माइकच्या वायरीबद्दल बोलणार आहोत. हसू नका. या वायरीपायी आमच्या नऊ ओव्या गेल्या, त्यातल्या चार कायमच्या.

झालं असं, रेडिओसाठी घरच्या घरी रेकॉर्डिंग करायचं आमच्या गटानं ठरवलं. खराबवाडीत एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. शेत एमआयडीसीत गेलं, पण जातं तेवढं त्यांनी सोडलं नाही. खोलीच्या कोपऱ्यात अजून आहे. आम्ही गुरुवारी गेलो, कारण आमच्यातल्या निम्म्या जणी कंपनीत जातात आणि त्यांची सुट्टी गुरुवारची. आजी जात्यावर बसल्या, खुंटा धरला आणि बावीस ओव्या म्हणाल्या. आम्ही ऐकत बसलो. हेडफोन लावायचं कुणालाच सुचलं नाही.

घरी येऊन लावलं, तर मागे सारखी घूं घूं. आणि नऊ ओव्यांत, जात्याचा प्रत्येक फेरा आला की कर्र. शब्द ऐकूच येईना.

माइक चांगला होता, रेकॉर्डरही नवा. वायर मात्र आम्ही जुन्या कराओके माइकबरोबर आलेली वापरली होती. गटाच्या खात्यातून वायरीला कशाला पैसे, असं आमच्या मीटिंगमध्येच ठरलं होतं, आणि ठराव एकमताने झाला होता, हेही सांगायला हवं.

आमच्यातली एकजण चाकणला गाड्यांच्या वायरिंग हार्नेसच्या लाइनवर आहे. दिवसभर हेच काम: क्रिम्पिंग, टेपिंग, तपासणी. तिनं ती वायर हातात घेतली आणि टोकाचं टोपण फिरवून उघडलं. म्हणाली, "ताई, हे बघा. हिला धरलंय कुणी?" आत वायरीचं वरचं आवरण कशानंही आवळलेलं नव्हतं. सगळा ताण कथलाच्या डागावर. डाग सुटलेला, तार एका केसावर लटकलेली. वायर आजींच्या गुडघ्याजवळून गेली होती. फेऱ्यागणिक तिला हिसका बसत होता. कर्र कुठून आलं ते कळलं.

घूं घूं मात्र वेगळी. तिचं कारण वायरीच्या जातीत होतं. त्या वायरीच्या एका टोकाला तीन पिनांचं कनेक्टर होतं. त्याला एक्सएलआर म्हणतात, दुकानात कॅनन पिन मागितली तरी चालते. दुसऱ्या टोकाला जाड जॅक, ज्याला दुकानदार पी-३८ म्हणतात. आत एकच तार आणि तिच्याभोवती जाळी. माइकमधून येणारी वीज असते व्होल्टच्या काही हजाराव्या भागाएवढी, आणि घरात भिंतीभिंतीतून २३० व्होल्ट फिरत असतात. फ्रिज आहे, ट्यूबलाइटचा चोक आहे, शेजारच्यांची पाण्याची मोटर आहे. त्यांची गुणगुण त्या एकट्या तारेत शिरते आणि मग बाहेर काढता येत नाही.

चांगल्या वायरीला दोन्ही टोकांना तीन पिना असतात आणि आत दोन तारा नि वर जाळी. दोन्ही तारांतून आवाज जातो, पण एकीत सुलटा, दुसरीत उलटा. बाहेरची गुणगुण मात्र दोघींत सारखीच शिरते. रेकॉर्डर एकीतून दुसरी वजा करतो, म्हणजे गुणगुण उडते आणि आवाज उरतो. आपण भांड्यासकट तूप तोलून भांड्याचं वजन काढून टाकतो ना, तसंच. कंडेन्सर माइक असेल तर त्याला लागणारे ४८ व्होल्टही याच वायरीतून जातात. आमच्या त्या फुकटच्या वायरीतून ते गेलेच नसते.

मग आम्ही पिंपरीहून मेट्रोने मंडईला उतरलो आणि चालत तपकीर गल्लीत गेलो. पहिल्या दुकानात सोन्याचं पाणी दिलेली, बोटाएवढी जाड वायर दाखवली. सोन्याचं पाणी गंजत नाही एवढं खरं, पण त्यानं आजींचा आवाज गोड होत नाही. जाडीवरही जाऊ नका. नुसतं रबर जाड असू शकतं. आमच्या हार्नेसवालीनं दुकानदाराला आधी विचारलं, टोक उघडतं का? प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेलं टोक तुटलं की वायर फेकावी लागते. फिरवून उघडणारं असेल तर घरी डाग देता येतो. आत आवरणाला आवळणारी पकड आहे ना, तेही तिनं पाहिलं. मग जाळी. विणलेली तांब्याची जाळी रोजच्या गुंडाळण्या-सोडण्याला टिकते. नुसती चांदीसारखी पन्नी असेल तर ती भिंतीत कायमच्या बसवलेल्या वायरीला ठीक, आपल्यासारख्या फिरत्या कामात चिरते.

पाच मीटर पुरे. आम्हाला दहा मीटरचा मोह झाला होता. घरात उरलेली वायर पायात येते, आणि आपल्या खोल्या केवढ्या ते तुम्हाला माहीतच आहे.

पैसे देण्याआधी मल्टीमीटर लावून घ्या. अशा दुकानात तो असतोच. पिनांजवळ १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. एका टोकाची १ दुसऱ्या टोकाच्या १ ला लावली की बीप वाजला पाहिजे, तसंच २ आणि ३ चं. १ आणि २ मध्ये किंवा २ आणि ३ मध्ये वाजला, तर वायर परत द्या. आणि हे करताना दुसरीनं टोकाजवळ वायर हलवत राहायचं. बीप तुटला की समजायचं, हीच उद्या कर्र करणार. आमची तिसरी वायर पास झाली. दुकानदार वैतागला होता, पण शेवटी त्यानं आम्हाला चहा पाजला.

आता आम्ही वायर कोपरावर गुंडाळत नाही. तशी पीळ बसून आतल्या तारा मोडतात. तिचा स्वतःचा वळसा जसा पडतो तशी सैल वेटोळी घालून खुंटीला अडकवतो. रेकॉर्डिंगला विजेच्या वायरीपासून लांब टाकतो. ओलांडावीच लागली तर आडवी, शेजारून समांतर नाही. माइकच्या स्टँडला एक वेढा देतो, म्हणजे हिसका टोकापर्यंत पोचत नाही. आणि एकजण हेडफोन लावूनच बसते, तिनं गप्पा मारायच्या नाहीत.

आपल्या पुणे जिल्ह्यात मुळशी-मावळच्या गावांतून हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रभरच्या लाखाच्या वर ओव्या त्या कामात जमल्या, आणि २०१७ पासून त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर येतात. त्यात गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं. आमच्या आजींच्या ओव्या तिथल्या नाहीत. त्या त्यांच्या सासूच्या, निघोज्याच्या. त्या कागदावर कुठे लिहिलेल्या आम्हाला तरी सापडल्या नाहीत.

नवी वायर घेऊन आम्ही पुन्हा खराबवाडीला गेलो. आजींना आधीचं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं पोरींनो, ती काय पाठ असते व्हय? जातं फिरलं की येती." जातं फिरलं, पाच ओव्या आल्या. चार आल्या नाहीत. आजींनी दोनदा सुरुवात केली, थांबल्या, आणि मग दुसरीच म्हणाल्या. तीही आम्ही घेतली.

येत्या गुरुवारी म्हाळुंग्याला त्यांच्या धाकट्या जावेकडे जायचंय. वायर काल रात्रीच तपासून ठेवलीय. तुमच्याकडे कुणी म्हणणारी असेल तर आमच्या मीटिंगला निरोप द्या, माइक आणि वायर आम्ही घेऊन येऊ.